न पाठवलेली बाई

१. कौतुकाचा फोन

तक्रारीचा फोन दीपमाला गायधनीला पहिल्या 'हॅलो'वरूनच ओळखू यायचा. बाई उशिरा आली, बाई मोबाइलला चिकटून असते, बाई आमचाच चहा पिते आणि वर साखर कमी म्हणते. नाशिकला द्वारका चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावर तिचं 'सोबत' नावाचं छोटंसं कार्यालय होतं. दवाखान्यांनी हात टेकून घरी पाठवलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या शुश्रूषेसाठी ती घरोघरी बायका पाठवायची. त्याआधी अर्धं आयुष्य सरकारी दवाखान्यात वॉर्डसिस्टर म्हणून गेलेलं, त्यामुळे तक्रारीनं तिच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नसे. पण त्या सकाळी चक्क कौतुकाचा फोन आला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

फोन मखमलाबादच्या सायली काकडचा होता. घरी तिच्या सासूबाई, तानुबाई, पोटाच्या कॅन्सरनं शेवटच्या टप्प्याला आलेल्या. त्यांच्याकडे 'सोबत'ची लंकाबाई रोज दिवसभर असायची.

"मॅडम, कालची बदलीची बाई फार छान होती," सायली म्हणाली. "लंकाबाई बऱ्या झाल्या तरी तीच पाठवता येईल का?"

"कोण आल्या होत्या काल?"

"मंगलाबाई म्हणाल्या. तुम्हीच तर पाठवल्या."

"बघते," एवढंच म्हणून दीपमालानं फोन ठेवला आणि रोहितला हाक मारली. कुठली बाई कुठल्या घरी जाणार हे रोहित ठरवायचा. पोरगा कामाला वाघ, पण 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडातून निघता निघत नसे.

"रोहित, काल काकडांकडे कुणाला पाठवलंस?"

रोहितनं आधी खिडकीकडे पाहिलं, मग पंख्याकडे. दोन्हीकडून मदत मिळेना तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, कुणालाच नाही."

झालं होतं ते असं. लंकाबाईनं काल सकाळीच ताप आल्याचं कळवलं. रोहितनं ओळखीच्या सगळ्या बायकांना फोन लावले, पण लग्नसराईत निम्म्या गावी आणि उरलेल्या आधीच कुठे ना कुठे लागलेल्या. सायलीला त्यानं नेहमीच्या सवयीनं 'पाठवतो कुणाला तरी' म्हणून सांगून टाकलं. मग तिकडून तक्रार आली नाही. न आलेली तक्रार कोण उकरून काढतं?

"मला वाटलं, त्यांनी भागवलं असेल," तो म्हणाला.

"ही मंगलाबाई कोण, ते शोधून काढ," म्हणून दीपमालानं स्कूटरची किल्ली उचलली. रागवायला दुपार होती. आत्ता प्रश्न एवढाच होता, की काल दिवसभर तानुबाई काकडांच्या उशाशी बसलेली ती बाई कोण?

२. काहीच गेलं नाही

मखमलाबादला काकडांच्या घरी जायचं तर गल्लीतून सरळ पुढच्या दाराशी जाता येतं. पण 'सोबत'च्या माणसांना ती वाट बंद होती. त्यांनी पाटाच्या कडेनं, झेंडूच्या वावरातून, मागच्या दारानं यायचं. गणवेश घालायचा नाही. गल्लीत कुणी विचारलंच तर घोटीची मावशी आहे म्हणायचं. घरात सून असताना म्हातारीला पगारी बाई सांभाळते हे कळलं तर लोक काय म्हणतील, ही सायलीची धास्ती. झाकली मूठ सव्वा लाखाची. अशा अटी घालणारी घरं नाशिकभर होती आणि दीपमाला त्या मुकाट मान्य करायची. नाही केल्या तर ती घरं दुसऱ्या दारी जातात.

ती मागच्या दाराशी पोचली तेव्हा बातमी आधीच फुटली होती. लंकाबाई सकाळी कामावर आली, सायलीनं बदलीच्या बाईचं कौतुक केलं, लंकाबाई भाबडेपणानं म्हणाली, "काल तर कुणीच मोकळं नव्हतं, मला रोहितदादा सांगत होता." बस्स. एवढ्यावर घरात भडका उडाला होता.

रविराज काकड, सायलीचा नवरा, पहाटे फुलबाजारात झेंडू टाकून नुकताच परतला होता. अंगात तोच शर्ट, खांद्यावर तोच टॉवेल, आणि आवाज चढलेला.

"ताई, हिनंच कुणाला तरी घुसवलंय," तो लंकाबाईकडे हात करून म्हणाला. "ह्या बायका आपापसात बदल्या करतात, मला सगळं ठाऊक हाय. मी पोलिसात नाव देणार. डोकं भणभणलंय माझं. एक तर त्या पाटावरच्या कुत्र्यानं रात्रभर झोपू दिलं नाय, आणि सकाळी हे."

लंकाबाई मोरीच्या कट्ट्याला टेकून उभी होती. ताप नुकता उतरलेला, ओठ सुकलेले. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं असं दीपमालाला वाटलं. पोलिसात एकदा नाव गेलं की खरं काय आणि खोटं काय, या शहरात कुठलंही दार तिला उघडणार नव्हतं. आणि दोन घरं ओलांडून बातमी गेली की 'सोबत'लाही नाही.

"काय काय गेलं?" दीपमालानं विचारलं.

"काहीच नाय."

"म्हणजे अजून बघितलं नाही?"

"सगळं बघितलं. कपाट बघितलं, आईच्या पाटल्या बघितल्या, देव्हारासुद्धा बघितला. काहीच गेलं नाय." रविराजनं टॉवेलनं तोंड पुसलं. "गेलं असतं तर मी एवढा घाबरलो नसतो. चोर असता तर चोरी करून गेला असता. ही बया कशाला आली होती?"

दीपमाला आधी आत गेली. तानुबाई डोळे मिटून पडल्या होत्या, श्वास एकसारखा, चेहरा शांत. तिनं नाडी पाहिली, वेदनेच्या औषधाची बाटली उजेडात धरली. पातळी बरोबर होती. पाठ, टाचा, कोपरं बघितली. त्वचा स्वच्छ, कुठं लालीसुद्धा नाही. चोर असो की चेटकीण, बाईनं काम चोख केलं होतं.

ती बाहेर येऊन ओट्यापाशी बसली. "दादा, दुपारपर्यंत पोलिसांकडे जाऊ नका. तोवर मी सांगते ती कोण होती."

"आणि नाय सांगितलं तर?"

"तर लंकाबाईबरोबर माझंही नाव द्या."

लंकाबाईनं पहिल्यांदा मान वर केली.

३. चोराच्या खुणा

सायली बोलकी होती, पण आता शब्द मोजून बोलत होती. एवढ्या घाईघाईनं जिचं कौतुक केलं तिनंच घर गोत्यात आणलं, हे तिला पचत नव्हतं.

"सकाळी मी धुणं वाळत घालत होते," तिनं सांगितलं. "ही वावरातून आली. विचारलं, हिरव्या जाळीमागचं घर हेच ना? मी म्हटलं, हो. हळू बोला आणि आत या."

"नाव विचारलंत?"

"आत आल्यावर. तिनं सांगितलं, मंगला."

"तुमचं आडनाव तिनं विचारलं?"

"नाही. मीही सांगितलं नाही. शेजारच्या नवसाबाई कुंपणापाशीच होत्या ना." सायली थांबली. "पण मॅडम, आता एकेक आठवतंय. दारात येताच ती पुटपुटली, 'किल्ली तुळशीखाली बघणार होते, पण दार उघडंच दिसतंय.' मला तेव्हा काही वाटलं नाही."

"तुमची किल्ली तुळशीखाली असते?"

"कधीच नाही."

"बघा," रविराज म्हणाला. "किल्ल्या कुठं ठेवतात ते हुडकत होती."

"आणि हातात बिस्किटचा पुडा होता. मी म्हटलं, आईंना बिस्किट चालत नाही. तर म्हणते, त्यांना नाही, कुत्र्याला आणलाय. आमच्याकडे कुत्रं कुठंय?"

"कुत्र्याला गप करायला चोर बिस्किटंच आणतात," रविराज म्हणाला. तो आता एकेका गोष्टीवर शिक्का मारत होता.

"पिशवी केवढी होती तिची?"

"मोठी. आत गोधडी, जोडीचं लुगडं."

"सामान भरून न्यायला."

दीपमालानं त्याच्याकडे पाहिलं. "दादा, सामान न्यायचं तर पिशवी रिकामी आणतात."

सायलीचं अजून संपलं नव्हतं. दिवसभरात त्या बाईला दोनतीनदा फोन आला होता. दर वेळी ती पडवीत जाऊन बोलायची. एकदा सायलीनं कान दिला. "म्हणत होती, 'हो मालक, पेज घेतली. आज तर उठून बसल्या.' कुणाला तरी आमच्या घरातली खबर देत होती, मॅडम. कोण हा मालक?"

आता मात्र लंकाबाईसुद्धा दचकली.

"गेली कधी?" दीपमालानं विचारलं.

"संध्याकाळी हे आले, तशी मी म्हटलं, आता मालक आलेत, तुम्ही निघा. तर माझ्याकडे बघतच राहिली. 'आले? मी तर राहायला आले होते,' म्हणाली. मग पिशवी उचलून गेली. आता फोनही लागत नाही. नंबर दिला होता तिनं."

"फोन बंद करून पसार," रविराजनं शेवटचा शिक्का मारला.

आतून हाक आली. बारीक, पण धार असलेली. "कोण बोलतंय गं बाहेर? मलाबी कळू द्या की. मरायला मी टेकले आणि पंचायत तुमची चाललीय."

४. तानुबाईंची साक्ष

तानुबाईंना उशीला टेकवून बसवलं, तोंडात चमच्यानं दोन थेंब पाणी सोडलं. अंगाची काडी झाली होती, पण डोळे जागे होते.

"आजी, कालची बाई कशी होती?"

"लय चांगली. हात मऊ. पण मेली वरडायची."

"रागवायची?"

"राग न्हवं. प्रेमानं वरडायची. कानाला तोंड लावून, 'आजी, कूस बदलायची!' मी काय बहिरी हाय? सायलीला सांगणार होते, पण म्हटलं असंल तिची रीत."

दीपमाला जरा पुढे सरकली. "कूस ती बदलायची? तुम्ही तर स्वतः वळता."

"तेच तर. मला वळूच देईना. सारखी आपली पाठीला पावडर, टाचंला तेल. दुपारी मी उठून बसले तर अशी घाबरली, जणू मढं उठलं. भिंतीला टेकली. 'आजी, तुम्हाला बसता येतं?' म्हणाली." तानुबाईंना हसू आलं आणि त्या हसण्यानं पोटात कळ गेली. कळ जाईपर्यंत दीपमालानं त्यांचा हात धरून ठेवला.

"आई, ती काय करताना घाबरली?" रविराजनं दारातून विचारलं. "हातात काही होतं?"

"वाटी होती पेजंची. तुझं डोकं बाजारात ठेवून आलास का रे?"

दीपमालानं म्हातारीची चादर सारखी केली. बाहेर येऊन ती थेट मागच्या दारात गेली. समोर वावर, वावरापलीकडे पाट, आणि दाराच्या उजव्या हाताला नवी कोरी हिरवी शेडनेट ताणलेली.

"ही जाळी कधी लावली?"

"झाला आठवडा," रविराज म्हणाला. "जरबेराची रोपं लावलीत. का?"

"त्याआधी पाटाकडून येणाऱ्याला हिरवी जाळी कुठं दिसायची?"

रविराज उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच लांबून, पाटाच्या वरच्या अंगानं, कुत्रं केकाटलं. घसा बसलेला, तरी थांबत नव्हतं.

दीपमाला वॉर्डात अनेक मरणं पाहिलेली बाई, पण या क्षणी तिला खरी भीती वाटली. ही भीती लंकाबाईसाठी नव्हती आणि 'सोबत'साठीही नव्हती.

"सगळे इकडे या," ती म्हणाली. "आणि मी बोलेन तोवर मधे बोलू नका. वेळ नाही."

५. सरळ बाईचा हिशोब

"तुम्ही एकेक गोष्ट ती चोर आहे असं धरून लावलीत," दीपमाला म्हणाली. "शुश्रूषेची बाई म्हटलं की पहिला संशय तिच्यावर, ही आपली रीतच आहे. आता उलटं करा. ती सरळ बाई होती, आणि काल या घरात जे बोलली ते अक्षर अन् अक्षर खरं बोलली, असं धरा.

"तिला कुणीतरी सांगितलं होतं, किल्ली तुळशीखाली आहे. म्हणजे तिला जायचं होतं त्या घरात दार उघडायला कुणी नव्हतं. तिला सांगितलं होतं, मागं कुत्रं आहे, म्हणून बिस्किटं. गोधडी आणली, कारण रात्रीही राहायचं होतं. मालकाचा फोन येत होता, कारण मालक गावात नाही आणि त्याला जीव लागून राहिलाय. पेज घेतली का, एवढंच तो विचारत होता."

सायलीचा हात तोंडावर गेला होता.

"ती कानात ओरडली, कारण तिला सांगितलं होतं, आजी बहिऱ्या आहेत. कूस बदलत राहिली, टाचांना तेल लावत राहिली, कारण सांगितलं होतं, आजींना हलता येत नाही. तानुआजी उठून बसल्या तेव्हा ती घाबरली ती त्यामुळेच. खुणेचं घर सांगितलं होतं हिरव्या जाळीमागचं, आणि सांगणाऱ्यानं सांगितलं तेव्हा पाटावर एकच जाळी होती. तुमची लागली आठवड्यापूर्वी. पाटाकडून येताना आता आधी ती दिसते."

"म्हणजे ती चुकून आमच्याकडे आली," सायली हळूच म्हणाली. "आणि मी तिला हळू बोला म्हणून आत घेतलं."

"तुम्हाला बाई हवीच होती. तिलाही घर मिळालं; तुम्ही दिसलात तर समजली असेल, कुणी नातेवाईक आलीय. दोघींनीही घराचं आडनाव काढलं नाही, कारण दोन्ही घरांची अट तीच, गाजावाजा नको. संध्याकाळी तुम्ही म्हणालात मालक आले. तिला वाटलं, बाहेरगावचा मालक लवकर परतला. गेली बिचारी आपल्या गावी. डोंगराकडचं गाव असेल तर फोन कुठून लागणार?"

रविराज खाली बसला होता. "मग ती चोर नाय."

"नाही. पण दादा, ती काल ज्या घरी जायची होती, तिथं कोण गेलं?"

उत्तर सगळ्यांना एकदमच कळलं होतं.

"पाटावर आधीपासून जाळी कुणाची?" दीपमालानं विचारलं.

"धोंडीराम थेटेची. पण ताई, तिथं कुणी नाय. नवरा-बायको मालेगावला लग्नाला गेलेत. त्याच्या आईला, अक्काबाईला, लेकीकडं पोचवून गेलेत."

"अक्काबाईंना ऐकू येतं?"

"ठार बहिरी," आतून तानुबाईंनी ओरडून सांगितलं. "पण ती लेकीकडं हाय. तिची सूनच सांगत होती गल्लीत."

दीपमाला चपला घालत होती. "सायली, तुमच्याकडे लंकाबाई कोण म्हणून येते?"

"घोटीची मावशी," सायली म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"मग अक्काबाईंनाही लेकीकडे जायला काय हरकत आहे? माणसं नसलेल्या घरात कुत्रं कुणाच्या भरवशावर बांधून ठेवलंय, ते सांगा."

६. बंद घर

दीपमाला बरीच वर्षं धावली नव्हती. काल तापानं फणफणलेली लंकाबाई तिच्या पुढे होती. पाटाच्या कडेनं चिखल तुडवत त्या थेट्यांच्या मागच्या अंगणात पोचल्या तेव्हा साखळीला बांधलेलं कुत्रं भुंकायचं सोडून नुसतं अंग घासू लागलं. त्याचं भांडं कोरडं होतं. लंकाबाईनं तुळशीची कुंडी तिरकी केली. खाली किल्ली होती.

आत अंधार आणि लघवीचा उग्र वास. खाटेवर अक्काबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पाण्याचा तांब्या स्टुलावर होता, हाताच्या टप्प्याच्या थोडासा पलीकडे. हात अजून त्याच दिशेला पडलेला.

दीपमालानं मानेवर बोटं ठेवली. ती उभ्यानं जे काही पुटपुटली ते देवाला उद्देशून होतं की काय, लंकाबाईला कळलं नाही.

"आहे," मग ती म्हणाली. "नाडी आहे. पाणी आण, चमचा आण. एकदम पाजायचं नाही."

पुढचा वेळ बोलण्याचा नव्हता. लंकाबाईनं खिडक्या उघडल्या, भिजलेलं अंथरूण काढलं. दीपमालानं ओठ ओले केले, मग एकेक चमचा, गिळल्याची खात्री करून पुढचा. ओळखीच्या डॉक्टरांना फोन गेला, ते निघाले. कमरेवरची कातडी लाल झाली होती, पण फाटली नव्हती. कालचा दिवस आणि रात्र म्हातारीनं निव्वळ चिवटपणावर काढली होती. आणखी एक दिवस काढता आला नसता.

दीपमालाचा फोन वाजला. रोहित. त्यानं सकाळपासून शहरातली घरोघरी बायका पुरवणारी सगळी छोटी ब्युरो पालथी घातली होती, आणि या वेळी 'बघतो' न म्हणता शेवटपर्यंत बघितलं होतं. मंगलाबाई एका ब्युरोची, घोटीच्या पलीकडची, तिला थेट्यांकडेच पाठवलं होतं. धोंडीराम थेटेचा नंबरही त्यानं मिळवला होता.

धोंडीराम मालेगावहून फोनवर बोलत होता तेव्हा मागे बँड वाजत होता. त्यानं बँडपासून लांब जाऊन तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं.

"ती म्हणाली, आई उठून बसली," मग तो म्हणाला. "दोन वर्षांत बसली नाय माझी आई. मला वाटलं, नवी बाई हाय, चांगुलपणा दाखवतीय. मी हसलो, ताई. हसून फोन ठेवला. रात्री लागला नाय, तर म्हटलं झोपली असंल."

"निघा तुम्ही," दीपमाला म्हणाली. "सावकाश गाडी चालवा. त्या आहेत, आणि मी आहे."

अक्काबाईंनी डोळे उघडले. समोरच्या अनोळखी चेहऱ्याकडे त्यांनी निरखून पाहिलं. "तूच का ती बाई? सून म्हणाली होती, सकाळी येईल." आवाज कोरड्या पानासारखा होता.

'सोबत'च्या मालकिणीनं एका क्षणाचाही विचार केला नाही. तिनं म्हातारीच्या कानाला तोंड लावलं. "हो आजी, मीच!"

"काय?"

"मीच ती बाई! तुम्हाला सांभाळायला आलेय! घर चुकलं, म्हणून उशीर झाला!"

वॉर्डात कमावलेला तो आवाज उघड्या खिडक्यांतून गल्लीभर गेला. बहिऱ्या माणसाशी गुपित बोलता येत नाही. पहिल्यांदा नवसाबाई आल्या, मग समोरचे दोघे, मग ज्यांना काहीच माहीत नव्हतं ते. दारात गर्दी झाली.

"अगं बाई, अक्का इथंच हाय?" नवसाबाई म्हणाल्या. "लेकीकडं गेली ना ती? आणि ह्या कोण?"

सायली घरून पेज घेऊन धावत आली होती. हातात झाकलेलं पातेलं, पदर सुटलेला, श्वास लागलेला. नवसाबाईंचा प्रश्न तिच्या कानांवर पडला. दीपमालानं तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. हे उत्तर दीपमालानं देण्यासारखं नव्हतं.

"शुश्रूषेच्या बाई आहेत," सायली म्हणाली. "पगार घेऊन सांभाळतात. ह्या लंकाबाई, आमच्या आईंना सांभाळतात. मावशी नाहीत आमच्या. मला एकटीला होत नाही, म्हणून ठेवलंय."

रविराज तिच्या मागे उभा होता. त्यानं टॉवेल खांद्यावरून काढला, लंकाबाईपुढे जाऊन उभा राहिला. मग त्यानं तिच्या हातातली भिजलेल्या अंथरुणाची बादली घेतली आणि मोरीकडे गेला.

मग गर्दीतली एक सून दुसरीकडे न बघता म्हणाली, "तुमचा नंबर द्या ना, ताई. आमच्या मामंजींना लागंल कुणीतरी." मग आणखी एकीनं मोबाइल काढला.

खाटेवर हालचाल झाली. अक्काबाईंनी मान वळवून दाराकडे बघितलं होतं. एवढी माणसं त्या घरात एकाच प्रसंगी जमतात, आणि तो प्रसंग कुठला हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"सगळे आलेत," त्या म्हणाल्या. "मी गेले का काय?"

कुणालाच हसू आवरेना आणि कुणाला ते दाखवावंसंही वाटेना. दीपमाला कानाशी वाकली. "नाही आजी! भेटायला आलेत!"

अक्काबाईंनी एकेक चेहरा नीट पाहून घेतला. नवसाबाईंवर नजर थोडी जास्त वेळ थांबली.

"जिती असताना?" त्यांनी विचारलं. मग उत्तराची वाट न बघता सायलीच्या पातेल्याकडे बोट केलं. "आधी मला द्या ते. आणि त्यांना बसायला टाका काहीतरी."